जुन्या पावसाचं गाव

इंग्लंडात पाऊस भरपूर, आणि तो गार. नद्या गार, तळी गार, समुद्र तर ऐन जुलैतही अंगावर काटा आणणारा. जिवंत ज्वालामुखी त्या देशात एकही नाही. मग बाथ नावाच्या एका छोट्या शहराच्या मधोमध, जमिनीच्या पोटातून, ४६ अंश सेल्सियसचं वाफाळतं पाणी वर येतं ते कुठून?

आणि ते थोडंथोडकं नाही. दिवसाला सुमारे ११ लाख ७० हजार लिटर! दर सेकंदाला साडेतेरा लिटर, म्हणजे जवळजवळ एक बादली. रात्री शहर झोपतं, दुकानं बंद होतात, रस्ते रिकामे होतात, तरी पाणी येतच राहतं. रोमन फौजा ब्रिटनच्या किनाऱ्यावर उतरल्या त्याच्याही आधीपासून ते असं येतं आहे.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून सुटलेली गाडी साधारण दीड तासात बाथला पोचवते. एव्हन नदीच्या वळणात, हिरव्या टेकड्यांच्या मधे वसलेलं, मधाच्या रंगाच्या दगडांचं हे शहर. युनेस्कोने १९८७ साली त्याला जागतिक वारसा ठरवलं. २०२१ साली युरोपातल्या अकरा थोर स्नाननगरांमध्ये पुन्हा एकदा त्याची नोंद झाली. सगळं पायी फिरण्याच्या अंतरात. म्हणून शनिवार-रविवार गाठून लोक इथे निवांत होण्यासाठी येतात. तुम्हीही जा, मनसोक्त आराम करा. फक्त त्या गरम पाण्याचा माग सोडू नका. तो धरून चालत राहिलात तर वाटेत रोमन अभियंते भेटतील, चोरांना शाप देणारे भक्त भेटतील, सतरा कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र भेटेल आणि शेवटी चक्क एक ग्रह भेटेल!

आधी पाणी गरम कसं होतं ते पाहू. बाथच्या नैर्ऋत्येला मेंडिप टेकड्या आहेत. त्यांचा खडक चुनखडीचा, भेगांनी आणि गुहांनी पोखरलेला. तिथे पडणारा पाऊस वाहून जाण्याऐवजी मुरतो. भेगांमधून खाली, आणखी खाली, असा तो उतरत जातो. किती खाली? २,७०० ते ४,३०० मीटरपर्यंत!

पृथ्वीच्या पोटात जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते, दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी. ज्वालामुखीची गरजच नाही. पृथ्वीची आतली ऊब सगळीकडेच आहे, आपल्या पायांखालीसुद्धा. तिच्यापर्यंत पोचून परत येण्याची वाट मात्र फार थोड्या ठिकाणच्या पाण्याला सापडते. मेंडिपच्या पाण्याला ती सापडली. तळाशी ते ६४ ते ९६ अंशांपर्यंत तापतं.

पण इतक्या खोल गेलेलं पाणी वर का यावं? पाणी आपली पातळी गाठू पाहतं म्हणून. मेंडिपचे माथे उंच आहेत, बाथ खाली खोऱ्यात आहे. मागून मुरत येणाऱ्या पाण्याचा दाब पुढच्या पाण्याला रेटतो. शिवाय तापलेलं पाणी हलकं होतं. वर मात्र चिकणमातीचे जाड थर झाकण घालून बसलेले. बाथखाली खडकाला मोठे तडे गेले आहेत आणि तेवढ्याच जागी ते झाकण फुटतं. तिथून पाणी उसळून बाहेर येतं. शहरात असे तीन झरे आहेत, एकमेकांपासून चार पावलांवर.

या सगळ्या प्रवासाला किती वेळ लागत असेल? शास्त्रज्ञांचे अंदाज एक हजारापासून दहा हजार वर्षांपर्यंत जातात. अगदी कमीत कमी धरलं तरी, या झऱ्यातून आज वर येणारा पाऊस ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्याच्या आधी पडलेला आहे. जास्तीत जास्त धरलं तर तो पडला तेव्हा माणूस नुकताच शेती शिकत होता. असं पाणी तुम्ही ओंजळीत घेता आणि ते अजून गरम असतं!

मराठी वाचकाला हे ऐकून राजापूरचे, उन्हवऱ्याचे उन्हाळे आठवतील, वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवतील. ती आठवण अगदी योग्य आहे. आपला काळा खडक ज्वालामुखीचा असला तरी तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवला. आपल्या कुंडांनाही ऊब मिळते ती तड्यांतून खोल जाऊन परतलेल्या पाण्यामुळेच. निसर्गाने एकच युक्ती दोन खंडांत वापरली आहे.

आता शनिवारची सकाळ. रोमन स्नानगृहात लवकर शिरा, गर्दी व्हायच्या आत. रस्त्यावरून आत गेलात की तुम्ही पायऱ्या उतरू लागता, कारण रोमन शहर आजच्या रस्त्यांच्या बरंच खाली आहे. आणि मग समोर येतं मोठं कुंड, हिरव्या पाण्याचं, वर वाफेचे पदर.

रोमन फौजा इसवी सन ४३ मध्ये ब्रिटनमध्ये आल्या. इथे त्यांना दिसली ती वाफाळणारी दलदल. तिथले लोक त्या जागी सुलिस नावाच्या देवीला भजत होते. रोमनांनी देवीला हुसकावलं नाही. आपली देवी मिनर्व्हा त्यांनी तिच्याशी एकरूप केली आणि इ. स. ६० ते ७० च्या सुमारास सुलिस-मिनर्व्हेचं देऊळ उभं करायला घेतलं.

पण दलदलीत बांधकाम करायचं कसं? खाली चिखल, आणि त्यातून सेकंदाला बादलीभर कढत पाणी उसळतं आहे, जे कोणालाही बंद करता येत नाही. रोमनांनी झऱ्याभोवती ओकच्या लाकडाचे खांब चिखलात ठोकले, त्या पायावर दगडी भिंती रचून आतून शिशाचं अस्तर लावलं आणि झऱ्याला एका हौदात बसवलं. पाण्याबरोबर येणारी वाळू हौदाच्या तळाशी बसे आणि वरचं नितळ पाणी शिशाच्या नळांतून कुंडात जाई. एकही पंप नाही, सगळं काम उतारावर. मोठं कुंड १.६ मीटर खोल आहे आणि त्याच्या तळाला शिशाचे ४५ पत्रे अंथरले आहेत. दोन हजार वर्षांनंतरही ते पाणी धरून आहेत!

हे शिसं आलं कुठून? त्याच मेंडिप टेकड्यांतून. पाणीही तिथलंच आणि पाणी धरणारा पत्राही तिथलाच.

कुंडाचं पाणी हिरवं का, असं वाटलं ना? उघड्या आकाशाखाली सूर्यप्रकाशात शेवाळ वाढतं म्हणून. रोमन काळात कुंडावर भव्य कमानदार छप्पर होतं, त्यामुळे तेव्हाचं पाणी हिरवं नव्हतं. ते छप्पर तोलायलाही त्यांनी डोकं लढवलं होतं. आतून पोकळ असलेल्या विटा वापरल्या, म्हणजे कमान रुंद आणि वजन कमी. खांबांकडेही नीट बघा. बुंधे रोमन आहेत. त्यांवरचं बांधकाम आणि गच्चीवरचे रोमन पुतळे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे.

मग संग्रहालयातल्या त्या छोट्या, चुरगळलेल्या पत्र्यांपाशी थांबा. मला विचाराल तर संपूर्ण बाथमधला सर्वांत जिवंत ठेवा हाच. १९७९-८० मध्ये पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांच्या देखरेखीखाली झरा उपसला गेला, तेव्हा तळाच्या गाळातून बारा हजारांहून अधिक रोमन नाणी निघाली आणि त्यांच्यासोबत शिशा-कथलाचे सुमारे १३० पातळ पत्रे. त्यांवर टोकदार लेखणीने कोरलेला मजकूर, मग घडी घालून किंवा गुंडाळी करून झऱ्यात टाकलेला. काय लिहिलं असेल?

गाऱ्हाणी! देवीपुढे घातलेली, चोरांविरुद्धची गाऱ्हाणी. डोसिमेडिस नावाच्या माणसाचे हातमोजे चोरीला गेले. चोराचं डोकं फिरावं, त्याचे डोळे जावेत, असं साकडं त्याने घातलं. डोसिलियानसचा टोपीवाला झगा गेला, त्याचीही तक्रार आहे. चोर ठाऊक नसतो, म्हणून कायदेशीर दस्तऐवजासारखी काळजी घेतलेली असते. चोर पुरुष असो की बाई, गुलाम असो की स्वतंत्र, कोणीही सुटू नये. काहींनी मजकूर उलटा लिहिला आहे. जवळजवळ प्रत्येक पत्र्यावरचं अक्षर वेगळं. म्हणजे सम्राटांच्या आणि सेनापतींच्या इतिहासात ज्यांना कधी जागा मिळाली नसती, अशी माणसं इथे स्वतःच्या नावानिशी बोलतात. आंघोळीला गेले, कपडे काढून ठेवले, परत आले तर झगा गायब! इतकी शतकं लोटली तरी तो संताप निवलेला नाही.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता ब्रिटनमधून गेली. निचरा साफ करायला कोणी उरलं नाही, पुराचा गाळ साचला, छप्पर कोसळलं, देऊळ मातीखाली गेलं. पाणी मात्र आलंच. त्या गाळावरच पुढचं गाव वसलं. ९७३ साली राजा एडगरचा राज्याभिषेक इथल्या मठात झाला, आणि त्या सोहळ्याचा साचा इंग्लंडच्या राज्याभिषेकांना पुढे शतकानुशतकं पायाभूत राहिला. रोमन काळाची आठवण पुरती बुजली होती. १७२७ साली गटार खणणाऱ्या मजुरांच्या हाती मिनर्व्हेचं सोन्याचा मुलामा दिलेलं कांस्य-मस्तक लागलं, तेव्हा खाली काहीतरी दडलं असल्याची पहिली मोठी खूण मिळाली. मोठं कुंड तर १८८० च्या सुमारास, शहराचे सर्वेक्षक मेजर चार्ल्स डेव्हिस यांच्या हाताने उघडं पडलं. तोवर त्याच्या डोक्यावर लोक घरं बांधून सुखाने राहत होते!

रोमन विसरले गेले तरी पाण्याचा गुण कोणी विसरलं नाही. संधिवाताने आखडलेले, लकवा झालेले लोक लांबून लांबून इथे येत. एक जुनी दंतकथा सांगते की ब्लाडड नावाच्या राजपुत्राला महारोग झाला, त्याला घरातून बाहेर काढलं, तो डुकरं राखू लागला. डुकरं गरम चिखलात लोळून बरी होताना त्याने पाहिली, स्वतःही लोळला, बरा झाला आणि त्याने हे नगर वसवलं. ही कथा झाली. पण पाण्याने खरंच कोणी बरं होत होतं का?

इथे एक विलक्षण उत्तर मिळतं. अठराव्या शतकात शिसं माणसाच्या जगण्यात सगळीकडे मुरलेलं होतं. रंगांत, भांड्यांत, अगदी पेयांतसुद्धा. डेव्हन परगण्यातल्या सफरचंदाच्या मद्यात ते गाळणाऱ्या यंत्रांतलं शिसं उतरतं आणि त्यानेच तिथले लोक पोटशुळाने आणि लकव्याने आजारी पडतात, हे डॉक्टर जॉर्ज बेकर यांनी १७६७ साली दाखवून दिलं. असे लुळे पडलेले रुग्ण बाथच्या रुग्णालयात येत, आठवडेच्या आठवडे मानेपर्यंत पाण्यात बसत आणि त्यांतले पुष्कळ सुधारून घरी जात. नंतरच्या काळात याला भाबडा समज ठरवणं सोपं होतं. पण १९८० च्या दशकात ब्रिस्टलमधल्या डॉक्टरांनी प्रयोगच केला. शिशाशी रोज संबंध येणाऱ्या माणसांना त्यांनी कोमट पाण्यात मानेपर्यंत बसवून ठेवलं. काय दिसलं? पाण्याच्या दाबाने हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं की आत द्रव फार झाला, आणि मूत्रपिंडं झपाट्याने कामाला लागतात. लघवी वाढते आणि तिच्यासोबत शिसंही जास्त बाहेर पडतं! कारण कोणालाही ठाऊक नसताना उपाय बरोबर होता. नुसतं निवांत बसून राहणं हेच औषध होतं.

आणि माणसं निवांत बसायला आली, की त्यांच्यासाठी शहर उभं राहतं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला राणी अ‍ॅन इथे येऊन गेली आणि बाथला जाण्याची लाटच आली. शतकाच्या आरंभी दोन-तीन हजार वस्तीचं गाव १८०१ च्या जनगणनेत तीस हजारांपुढे गेलेलं दिसतं. या गर्दीला शिस्त लावली रिचर्ड नॅश याने, ज्याला सगळे ‘बो’ नॅश म्हणत. तो राजा नव्हता, अधिकारीही नव्हता. नाचगाण्याच्या समारंभांचा व्यवस्थापक, एवढंच. पण त्याने तलवारी घेऊन फिरायला बंदी केली, उमराव आणि व्यापारी यांना एका दालनात नाचायला लावलं. रात्रीचे अकरा वाजले की वाद्यं थांबत. राजकन्येने आणखी एक नाच मागितला तरी थांबत!

शनिवारच्या दुपारी हे शहर नजरेत भरून घ्या. आधी हात लावा तो भिंतीला. बाथचा दगड जवळून पाहिलात तर तो बारीक गोल कणांचा बनलेला दिसतो, प्रत्येक कण मिलिमीटरभराहून लहान. हे कण कसे झाले? सुमारे सतरा कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. तळाशी शिंपल्यांचे कण लाटांबरोबर मागेपुढे लोळत, आणि लोळता लोळता त्यांच्यावर चुन्याचं पुट चढे, मग दुसरं, मग तिसरं. संक्रांतीचा हलवा करताना तीळ तव्यावर हलवत राहतात आणि पाकाचे थेंब सोडत एकावर एक पुट चढवतात ना, अगदी तसं! बाथमधली ही मधाळ घरं अशा कोट्यवधी हलव्यांनी बांधलेली आहेत. कण सगळीकडे सारखे, म्हणून हा दगड कुठल्याही दिशेने कापता येतो. खाणीतून ताजा निघतो तेव्हा मऊ असतो, हवेत राहिला की टणक होतो. शिल्पकाराला आणखी काय हवं?

राल्फ अ‍ॅलन या माणसाने टपालसेवेत पैसा कमावला आणि शहरालगतच्या कूम डाउनच्या खाणी घेतल्या. दगड खाली आणायला त्याने १७३१ च्या सुमारास लाकडी रुळांचा मार्ग घातला. भरलेल्या गाड्या उताराच्या जोरावर आपोआप खाली येत. वाफेचं इंजिन रुळांवर धावायला अजून सत्तरेक वर्षं होती!

मग आले दोन जॉन वुड, बाप आणि मुलगा. थोरल्याने स्टोनहेंजचं प्राचीन दगडी वर्तुळ स्वतः मोजलं होतं. त्याने बाथमध्ये ‘सर्कस’ आखली, घरांचं वर्तुळ, सुमारे ३१८ फूट व्यासाचं, स्टोनहेंजच्या मापावर बेतलेलं. मधे उभं राहून माथ्याकडे पाहा. कठड्यावर दगडी ओकफळं रांगेने मांडलेली आहेत, कारण ओकफळं हे डुकरांचं खाणं आणि डुकरांनी म्हणे हे शहर शोधलं. वुड १७५४ साली, काम सुरू होताच वारला. मुलाने सर्कस पुरी केली आणि १७६७ ते १७७४ या काळात जवळच ‘रॉयल क्रेसेंट’ उभी केली. ३० घरं, ११४ खांब आणि समोर हिरवळ. एकच राजवाडा चंद्रकोरीसारखा वाकवून ठेवल्याचा भास होतो.

पण मागच्या गल्लीत जाऊन पाहा! पुढून एकसंध दिसणारी ही वास्तू मागून अगदी ओबडधोबड आहे. कुठे भिंत पुढे, कुठे मागे, छपरांची उंची वेगळी, खिडक्या वेगळ्या. वुडने ठरवला तो फक्त दर्शनी भाग. घर घेणाऱ्याने त्यामागे आपल्या सोयीने आणि ऐपतीने बांधायचं. म्हणजे प्रत्येकाला स्वतःचं घर मिळालं आणि सगळ्यांना मिळून एक राजवाडा मिळाला. नगररचनेचा असा तोडगा आजही एखाद्या शहराला सुचला तर लोक टाळ्या वाजवतील.

हा पैसा कुठून आला हेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. वेस्ट इंडीजमध्ये गुलामांच्या कष्टावर पिकलेल्या साखरेचा पैसा इथे होता, ईस्ट इंडिया कंपनीतून कमावलेल्या संपत्तीचाही होता. रॉबर्ट क्लाइव्हने सर्कसमध्येच घर घेतलं होतं. त्या मधाळ भिंतींत आपल्याकडचाही पैसा जिरला आहे.

शनिवारची संध्याकाळ पाण्यात घालवा. रोमन कुंडात उतरता येत नाही. १९७८ साली बाथच्या पाण्यात पोहलेली एक मुलगी मेंदूज्वराने दगावली. झऱ्याच्या पाण्यात एक घातक अमीबा सापडला आणि स्नानं बंद झाली. दोन हजार वर्षं चाललेली परंपरा तुटली. ती पुन्हा सुरू करायची तर वरच्या दूषित मातीला न शिवता खोलवरचं शुद्ध पाणी आणायला हवं होतं. त्यासाठी नवी विंधणविहीर खणली गेली आणि २००६ साली थर्मे बाथ स्पा उघडलं. तिथे गच्चीवर कुंड आहे. मानेपर्यंत उबेत, डोक्यावर गार वारा, समोर शहरातल्या जुन्या चर्चचा, म्हणजे बाथ अ‍ॅबीचा मनोरा. आता तुम्हाला ठाऊक आहे की तुमची मूत्रपिंडंही याच वेळी जोरात काम करत आहेत!

रविवारी न्यू किंग स्ट्रीटवरच्या १९ नंबरच्या घरी जा. दिसायला साधं घर. इथे एक संगीतकार राहत होता. विल्यम हर्शेल हा मूळचा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा. निवांत व्हायला आलेल्या लोकांना गाणंबजावणं लागतं, म्हणून बाथमध्ये वादकांना काम होतं. १७६६ साली ऑक्टॅगन चॅपलचा ऑर्गनवादक म्हणून तो इथे आला. दिवसभर शिकवण्या आणि मैफली, रात्री आकाश. बाजारातल्या दुर्बिणींनी त्याचं समाधान होईना. मग त्याने तांबं आणि कथील वितळवून घरातच आरसे ओतायला सुरुवात केली. एकदा वितळलेला रस सांडला तेव्हा फरशीचे दगड तडकले. ते आजही तिथे बघता येतात. आरसा घासताना हात थांबवून चालत नसे, म्हणून तासन्‌तास त्याची बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवत असे.

१३ मार्च १७८१ च्या रात्री या घराच्या मागच्या बागेतून त्याला एक ठिपका दिसला. ताऱ्यांसारखा टोकदार नाही, जरा पसरट. त्याला वाटलं धूमकेतू असेल. तो होता युरेनस! माणसाने इतिहासात पहिल्यांदाच एक नवा ग्रह शोधला होता. बुध ते शनी हे ग्रह तर डोळ्यांना आदिकाळापासून दिसत होते. युरेनस शनीच्या दुप्पट अंतरावर आहे. एका रात्रीत, स्नाननगरातल्या एका परसातून, सूर्यमालेचा ज्ञात विस्तार दुप्पट झाला. कॅरोलाइन पुढे स्वतः धूमकेतू शोधू लागली आणि शास्त्रीय कामासाठी पगार मिळवणारी इंग्लंडमधली पहिली स्त्री ठरली.

तिथून चालत पल्टनी पुलावर या. रॉबर्ट अ‍ॅडमने आखलेला हा पूल १७७४ साली पुरा झाला. दोन्ही कडांना सलग दुकानं, मधून रस्ता. पूल ओलांडला की ग्रेट पल्टनी स्ट्रीट लागतो. त्याच्या २९ नंबरच्या घरी १७९९ साली विल्यम स्मिथ नावाच्या, लोहाराच्या मुलाने एक यादी सांगितली आणि ती कोणीतरी लिहून घेतली. कोळशाच्या कालव्यासाठी जमीन मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं होतं की खडकांचे थर सगळीकडे ठरावीक क्रमानेच येतात आणि प्रत्येक थराचे जीवाश्म ठरलेले असतात. जीवाश्म ओळखा, म्हणजे थर ओळखता येतो. थर ओळखला की त्याखाली काय आहे हेही सांगता येतं! त्याच वर्षी त्याने बाथच्या आसपासच्या प्रदेशाचा रंगीत भूनकाशा काढला, आणि १८१५ साली इंग्लंड-वेल्सचा प्रचंड नकाशा. पृथ्वीचा इतिहास वाचायची वर्णमाला या गावाने जगाला दिली.

आणि मग १८१० साली एक झरा अचानक आटला. शहराच्या तोंडचं पाणी पळालं. बोलावणार कोणाला? स्मिथलाच. त्याने तळापर्यंत खणून पाहिलं. पाणी आटलेलं नव्हतं, त्याने फक्त वाट बदलली होती. स्मिथने ते पुन्हा मूळ जागी आणलं. झऱ्यामुळे शहर झालं, शहराने खडक वाचणारा माणूस जोपासला आणि त्या माणसाने झरा वाचवला!

शेवटी बाथ अ‍ॅबीत जा. दर्शनी भिंतीवर शिडीवरून चढणारे-उतरणारे दगडी देवदूत आहेत, बिशप ऑलिव्हर किंगच्या स्वप्नातले. आत छताचे दगड पंख्यांसारखे उलगडलेले. थंडीचे दिवस असतील तर खाली लक्ष द्या. फरशी उबदार लागेल. रोमनांनी जादा पाणी नदीला सोडायला बांधलेला मोठा निचरा अजून वाहता आहे. काही वर्षांपूर्वी अभियंत्यांनी त्यात उष्णता टिपणारी यंत्रणा बसवली आणि ती ऊब अ‍ॅबीच्या फरशीखाली फिरवली. मेंडिपवर पडलेला पाऊस, पृथ्वीच्या पोटातली उष्णता, रोमन गटार आणि आजचे पंप हे सगळे मिळून एका प्रार्थनागृहाला ऊब देतात.

आता हिशोब मांडून बघा. या शहराची एकही मोठी गोष्ट घाईतून जन्मलेली नाही. पाण्याला हजारो वर्षं लागली, दगडाला कोट्यवधी. रुग्ण बरे झाले ते आठवडेच्या आठवडे पाण्यात बसल्यामुळे. युरेनस सापडला तो दिवसाची कामं उरकून रात्र रात्र आकाश न्याहाळणाऱ्याला, आणि खडकांचा क्रम उलगडला तो तेच ते डोंगर पुन्हा पुन्हा पाहणाऱ्याला. विसावा म्हणजे वाया गेलेला वेळ, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. बाथ त्याचा सज्जड पुराव्यानिशी प्रतिवाद करतं. म्हणून रविवारची दुपार मुद्दाम मोकळी सोडा. काही ठरवू नका, कुठल्या यादीवर खुणा करू नका. नदीकाठी नाहीतर टेकडीवर बसा आणि जे समोर येईल त्याला एकच प्रश्न विचारा, हे असं का आहे? विचारत राहणाऱ्याला इथे एकदा ग्रह सापडला आहे.